गज, रंजकदाणी आणि सुरतेची पिस्तुले

जुन्या ठासणीच्या पिस्तुलाला त्याचा मूळचा गज क्वचितच शाबूत असतो, हे शस्त्रसंग्राहकांना आणि संग्रहालयांच्या अभिरक्षकांना चांगले ठाऊक आहे. नळीत दारू आणि गोळी ठासून बसवण्याची, आणि बार उडाल्यावर तीच नळी पुसून काढण्याची जी सळई नळीखालच्या खाचेत सरकवून ठेवलेली असे, तिला गज म्हणत. नळी लोखंडाची असल्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या टिकली, दस्ता चिरला तरी तारेने बांधून चालवला गेला. पण गज बहुधा लाकडाचा, करंगळीहून बारीक आणि प्रत्येक बाराला बाहेर काढावा लागणारा, म्हणून तो मोडला, हरवला आणि बदलला गेला. शस्त्रांचा इतिहास लिहिणाऱ्यांनी नळीवरची कोफ्तगरी म्हणजे सोन्या-चांदीचे जडावकाम, कारागिराचा शिक्का आणि धन्याचे नाव यांवर पुष्कळ शाई खर्च केली, मात्र ज्या किरकोळ सरंजामावाचून पिस्तूल दुसऱ्यांदा उडूच शकत नसे, त्याच्याकडे त्यांचे लक्ष फारसे गेले नाही. सुरतेसारख्या बंदरात, जेथे विलायती पिस्तूल जहाजातून उतरे आणि देशी हवेत, देशी तेलावर आणि देशी माणसाच्या हातांत पुढचे आयुष्य काढी, तेथे ही उपेक्षा विशेष खटकते.

काळी दारू सोरा, कोळसा आणि गंधक यांची बनते. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजी दारूत हे प्रमाण शंभर भागांत अनुक्रमे ७५, १५ आणि १० असे होते. ती जळते तेव्हा वजनाने निम्म्याहून अधिक भाग धुराबरोबर निघून न जाता घन राखेच्या रूपाने उरतो. त्यातला काही भाग नळीच्या आतल्या अंगाला काळ्या, चिकट थराने धरून बसतो, आणि या राखेतले क्षार हवेतले पाणी ओढून घेत असल्यामुळे तो थर लवकरच ओलसर होतो. कोरड्या मुलखात पिस्तूल दोन दिवस तसेच राहिले तरी एकवेळ निभावत असेल, परंतु तापीच्या मुखापासून थोड्याच अंतरावर वसलेल्या सुरतेत, समुद्रावरून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्यात आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत, संध्याकाळी उडवलेले पिस्तूल सकाळपर्यंत न पुसता ठेवणे म्हणजे नळी गंजाच्या स्वाधीन करणे होते. थर साचला की गोळी नळीत मध्येच अडके, आणि बुडाशी असलेले बारीक छिद्र, ज्यातून बाहेरची आग आतल्या दारूला भिडते आणि ज्याला मराठीत कान म्हणतात, ते बुजले की रंजक नुसतीच भपकन उडून जाई व बार मात्र आतच राही. रंजक ही कानाजवळच्या वाटीत घालायची बारीक दळलेली दारू. घोडा पडला की प्रथम ती पेटते आणि मग आतला बार पेटतो.

ही राख तेलात नीट विरघळत नाही, तिला पाणीच लागते, हे ज्याने शस्त्र वापरले त्याला कोणी शिकवावे लागत नसे. गारेच्या पिस्तुलाची, म्हणजे चकमकीच्या दगडाने ठिणगी पाडणाऱ्या पिस्तुलाची, साफसफाई करताना आधी घोड्याच्या तोंडातली गार काढून ठेवीत, मग कानात लाकडाची खुंटी बसवून नळीत कढत पाणी ओतीत, गजाच्या टोकाला मळसूत्री आकडा जोडून त्यावर सणाचा पुंजका गुंडाळीत आणि तो वरखाली फिरवीत. आकडा म्हणजे दोन टोकांचा, वळणावळणाचा लोखंडी काटा; तो पुंजक्याला घट्ट धरी, आणि आत अडकलेला बोळा ओढून काढायचा झाला तर त्यालाही उपयोगी पडे. पहिले पाणी शाईसारखे काळे निघे आणि त्याला कुजक्या अंड्यासारखा गंधकाचा वास येई. पाणी स्वच्छ येईपर्यंत हे काम चाले, आणि कढत पाण्याने नळी तापली की ती आतून आपोआप सुकत असे. त्यानंतरच तेलाची पाळी. चापाच्या कळीत, म्हणजे घोडा पाडणाऱ्या यंत्रात, घालायचे तेल पातळ आणि न सुकणारे लागे. अळशीसारखे तेल दस्त्याच्या लाकडाला फार चांगले, पण कळीत गेले तर सुकून तिथल्या तिथे डिंकासारखे चिकटणारे, हा भेद ज्या नोकराला कळत नसे त्याच्या हाती पिस्तूल देण्यात अर्थ नव्हता. हिंदुस्थानी तोड्याच्या बंदुकांवर कान साफ करण्याची बारीक सुई साखळीने दस्त्यालाच अडकवलेली असे, आणि तिच्यासाठी दस्त्यावर एक छोटी नळकांडी बसवलेली आढळते. पेटत्या दोरीने, म्हणजे तोड्याने, उडणारी ही बंदूक विलायती लोकांना ओबडधोबड वाटली, तरी सुई हाताशी ठेवण्याची तिची ही सोय त्यांच्या पट्ट्याला टांगलेल्या सुई-कुंचल्याच्या जोडीपेक्षा कमी शहाणपणाची म्हणता येणार नाही.

शस्त्र स्वच्छ राखण्याचा विचार हिंदुस्थानात विलायती पिस्तुलांच्या आधीपासून झालेला होता. अबुल फजलच्या ‘ऐन-ए-अकबरी’त बंदुकांविषयीच्या प्रकरणांतच नळ्या साफ करण्याच्या यंत्राचे वर्णन येते. पूर्वी एका धट्ट्याकट्ट्या माणसाला लोखंडी हत्यारे घेऊन एकेका नळीशी फार वेळ झगडावे लागे, तेथे बादशहाने असे चाक काढले की बैलाने ते फिरवले म्हणजे थोड्या वेळात सोळा नळ्या एकदम साफ व्हाव्यात, असे त्यात म्हटले आहे. हे वर्णन रोजच्या पुसण्यापेक्षा कारखान्यात नवी नळी आतून घासून गुळगुळीत करण्याला अधिक लागू पडते, असे मानणे सयुक्तिक दिसते. तरीही नळीच्या पोटात काय घडते याकडे बादशाही कारखान्याचे किती बारीक लक्ष होते, ते त्यावरून स्पष्ट होते. त्याच ग्रंथात प्रत्येक बंदुकीवर लोखंडाचे वजन, लोखंड कोठून आणले, कारागीर कोण, बंदूक कोठे व केव्हा घडली आणि तिचा क्रमांक कोणता, हे खोदले जात असल्याचे सांगितले आहे. नळीला एवढी वंशावळ लाभली. गजावर काही खोदले जाई, असे मात्र त्यात म्हटलेले नाही.

सुरतेचा किल्ला गुजरातचा सुलतान तिसरा महमूद याच्या कारकिर्दीत, १५४० च्या दशकात खुदावंदखानाने बांधला, आणि १५७३ मध्ये तो अकबराच्या हाती आला. पोर्तुगीजांच्या समुद्रावरील दहशतीला उत्तर म्हणून उभारलेल्या या किल्ल्याच्या आसऱ्याने पुढे जे बंदर भरभराटीला आले, ते तुर्की, अरबी, इराणी आणि युरोपीय शस्त्रांच्या सवयी एकत्र येण्याचे ठिकाण ठरले. मोखा आणि बसरा येथून येणाऱ्या जहाजांवरील तुर्की घडणीच्या पिस्तुलांत पुष्कळदा नळीखालचा गज नुसता दिखाऊ असे. खरा गज, ज्याला तिकडे सुमा म्हणत, तो पट्ट्याला किंवा गळ्यातल्या दोरीला वेगळा टांगलेला असे, आणि काही वेळा त्याच्या पोकळ पोटात चिलमीचा निखारा उचलण्याचा छोटा चिमटाही दडवलेला असे. २४ ऑगस्ट १६०८ रोजी ‘हेक्टर’ हे जहाज घेऊन विल्यम हॉकिन्स सुरतेच्या किनाऱ्याला लागला, १६१२ मध्ये सुवाळीच्या खाडीत टॉमस बेस्टने पोर्तुगीजांशी झुंज दिली, आणि त्यानंतर इंग्रजांची वखार येथे स्थिरावली. वखार म्हणजे व्यापाऱ्यांचे राहते घर, कोठार आणि कचेरी या तिन्ही गोष्टी एकाच वाड्यात. प्रसंग पडला तर तोच त्यांचा बुरूज होई.

तसा प्रसंग जानेवारी १६६४ मध्ये आला. शिवाजी महाराज सुरतेवर चालून आले तेव्हा मोगल सुभेदार इनायतखान किल्ल्यात जाऊन बसला, शहर उघडे पडले, आणि वखारीचा प्रमुख सर जॉर्ज ऑक्झेंडेन याने जहाजांवरचे खलाशी आत आणून दरवाजे रोखून धरले. शहराची जी वाताहत झाली ती मराठी वाचकांना परिचित आहे. येथे लक्ष द्यायचे ते त्यानंतरच्या एका प्रसंगाकडे, ज्याची हकीकत वखारीने त्याच महिन्यात ईस्ट इंडिया कंपनीला लिहून कळवली. मराठे निघून गेल्यावर कुमकेची मोगल फौज येऊन पोहोचली, आणि तिच्या सरदाराच्या भेटीला ऑक्झेंडेन गेला तेव्हा त्याच्या हातात पिस्तूल होते. ते त्याने सरदारापुढे ठेवले आणि आपण शस्त्र खाली ठेवत आहोत, यापुढे शहराचे रक्षण आपणच करावे, असे सांगितले. सरदार प्रसन्न झाला, त्याने पिस्तूल न घेता उलट पोशाख, घोडा आणि तलवार देऊ केली. त्यावर या वस्तू शिपायाला शोभतात, आम्ही व्यापारी आहोत आणि आम्हाला व्यापारात बादशहाची मेहेरबानी हवी, असे उत्तर ऑक्झेंडेनने दिले. या मेहेरबानीचे फळ जकातीच्या सवलतीच्या रूपाने पुढे इंग्रजांच्या पदरात पडले. धूर्तपणाचा हा नमुना इतिहासकारांनी योग्यच टिपला आहे. त्या पिस्तुलाच्या बाजूने पाहिले तर मात्र आणखी एक गोष्ट ध्यानात येते, ती अशी की दरबारी रीतीत पिस्तूल पुढे ठेवण्याला अर्थ होता तो ते चालते हत्यार होते म्हणून. वखारीचा पहारा अहोरात्र चालू असताना ज्या कोणी ते पुसले, कान मोकळा ठेवला आणि रंजक रोज कोरडी भरली, त्याचे नाव त्या पत्रात येण्याचे कारण नव्हते.

मराठ्यांच्या बाजूलाही या सरंजामाची जाण कमी नव्हती. १६७० च्या ऑक्टोबरात महाराज दुसऱ्यांदा सुरतेवर आले, आणि १६७३ च्या सुमारास सुरतेच्या फ्रेंच वखारीच्या प्रमुखाने त्यांना ८० तोफा आणि बंदुकांना पुरेल इतके शिसे गुपचूप विकल्याचे ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. विकत घेतलेली तोफ किंवा बंदूक राखायची कशी, हे सांगणारा मराठीतला सर्वांत महत्त्वाचा दस्तऐवज रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ होय. दुर्गांच्या प्रकरणात ते तोफेजवळ दारूगोळ्याबरोबरच गज, कुंचे, जामग्या आणि कान दुरुस्त करण्याची साधने सदैव तयार असावीत, असे बजावतात. जामगी म्हणजे तोफेला बत्ती देण्याची सोऱ्यात भिजवलेली दोरी. दारूची मडकी व बाण ठरावीक दिवसांनी बाहेर काढून उन्हात घालावेत आणि पुन्हा मोहोर करून ठेवावेत, अशीही त्यांची आज्ञा आहे. राज्यनीतीवर लिहिणारा प्रौढ मुत्सद्दी कुंचा आणि गज यांची नावे घेतो, ही गोष्ट सह्याद्रीच्या पावसात ज्याने किल्ले राखले आहेत त्यालाच सुचणारी होती. तेथे दारू भिजल्यामुळे हातचा किल्ला जाणे ही कल्पनेतली भीती नव्हती.

दारूच्या साठवणीत गुजरातच्या कारागिरांचा हात विशेष दिसतो. पिस्तुलाला दोन प्रकारची दारू लागे, म्हणून दोन भांडी लागत. मोठ्या शिंगात किंवा कुपीत बाराची जाडी दारू, आणि तळहातात मावणाऱ्या रंजकदाणीत बारीक रंजक. मोगल काळातील हस्तिदंती रंजकदाण्या लंडन आणि न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत आहेत, आणि त्यांतल्या कित्येकींना धावत्या किंवा मान मुरडलेल्या काळविटाचा आकार दिलेला असून अंगावर एकमेकांत गुंतलेले प्राणी कोरले आहेत. शिकारीच्या शौकाला साजेशी ही वस्तू बिनचूक उपयोगाचीही होती, कारण हस्तिदंत आणि शिंग यांच्यावर लोखंड घासले तरी ठिणगी पडत नाही, आणि स्प्रिंगच्या झाकणामुळे एका हाताने वाटीत हवी तेवढीच रंजक सोडता येई. लाकडावर शिंपल्याचे तुकडे पितळी खिळ्यांनी जडवण्याचे गुजरातचे काम सोळाव्या शतकापासूनच युरोपच्या राजघराण्यांत पोहोचले होते. ड्रेस्डेनच्या सॅक्सन राजांच्या खजिन्यात त्याचे नमुने आहेत, आणि दारूच्या कुप्याही या कामात घडत. एवढ्या देखण्या कुपीत भरायची दारू ज्या सोऱ्यापासून होई, तोही सतराव्या शतकात गुजरातेतून सुरतमार्गे विलायतेला जात होता. नळी बर्मिंगहॅमची, सोरा अहमदाबादकडचा, कुपी खंबायतच्या आखाताकाठची, अशी सरमिसळ एकाच पट्ट्याला लटकत असे आणि तिचे कोणालाच नवल वाटत नसे.

गजाच्या इतिहासाला अठराव्या शतकात लोखंडाने वेगळे वळण दिले. प्रशियाच्या सैन्यात देसाऊच्या लिओपोल्डने लाकडी गजांच्या जागी लोखंडी गज आणले, आणि १७४१ मध्ये मोल्विट्झच्या लढाईत प्रशियन पायदळाच्या माऱ्याचा जो वेग दिसला त्याचे श्रेय काही अंशी या न मोडणाऱ्या सळईला दिले जाते. इंग्रजी फौजेने तीच वाट धरली. लोखंडाच्या गजाने एक नवे दुखणे आणले, ते हे की घाईने वारंवार ठासताना सळई नळीच्या तोंडाच्या कडेला घासून तिथले छिद्र लांबट करी, आणि म्हणूनच खासगी, किमती पिस्तुलांना लाकडी किंवा शिंगाच्या टोकाचे गज पुढेही बराच काळ चालू राहिले. घोडेस्वाराची अडचण निराळी होती. धावत्या घोड्यावर एका हातात लगाम धरून पिस्तूल भरताना गज निसटला की तो गेलाच. त्यावर १८०२ च्या सुमाराच्या इंग्रजी लष्करी पिस्तुलात गज नळीच्या तोंडाशी फिरत्या कडीने कायमचा जोडून टाकण्यात आला. सुमारे ९ इंचांच्या नळीखालून तो वर ओढायचा, उलटा वळवायचा, ठासायचा आणि पुन्हा खाचेत सोडायचा, पण हातातून सुटू द्यायचा नाही. कंपनी सरकारने आपल्या स्वारांसाठी अशीच घडण पसंत केली. या पिस्तुलांच्या कळीवर आधी चार खणांच्या बदामाचा, कंपनीच्या आद्याक्षरांचा शिक्का असे, आणि १८०८ च्या सुमारास त्याची जागा पुढच्या पंजात मुगुट धरून उभ्या असलेल्या सिंहाने घेतली. आज कंपनीचे पिस्तूल सर्वांत पूर्ण अवस्थेत मिळते ते याच कडीमुळे. साधे गज गेले आणि बांधलेले राहिले.

या अवधीत सुरतेची मालकी मात्र मोगलांच्या हातून हळूहळू निसटत होती. दमाजी आणि पिलाजी गायकवाडांनी सोनगडहून पाय रोवल्यावर गायकवाड व पेशवे यांनी सुरतेच्या वसुलीवर चौथाईचा हक्क बसवला. १७५९ मध्ये इंग्रजांनी किल्ला ताब्यात घेतला, १८०० मध्ये सुरतेच्या नबाबाकडून कारभारही घेतला, आणि १८०२ च्या अखेरच्या वसईच्या तहाने पेशव्यांनी सुरतेवरचा आपला हक्क सोडून दिला. अधिकारी मंडळींची पिस्तुले आता पेट्यांतून येऊ लागली. महोगनी किंवा ओक लाकडाच्या, आत हिरवी बनात लावलेल्या अशा पेटीत पिस्तुलांची जोडी, गोळ्या ओतण्याचा साचा, तांब्याची दारूची कुपी, सफाईचा वेगळा गज, त्याला लागणारी मळसूत्री टोके, तेलाची बाटली आणि पेचकस यांना ज्याचा त्याचा खण असे. पेटी बनवण्यात सुरत स्वतः नामांकित होती. हस्तिदंत, शिंग, आबनूस आणि कथील यांच्या बारीक पट्ट्यांची नक्षी बसवण्याचे साडेली काम येथल्या पारशी कारागिरांनी नावारूपाला आणले आणि ‘पेटीगरा’ हे त्यांतल्या काहींचे आडनावच झाले. विलायती पेटीच्या बाबतीत सुरतेची हवा कठोर ठरली. बनात ओल धरी, आणि पिस्तुलाची जी बाजू कापडाला टेकून पडलेली असे तीच आधी गंजे. ओकच्या लाकडातून मंदपणे निघणाऱ्या आम्लाच्या वाफेने शिशाच्या गोळ्यांवर पांढरी बुरशीसारखी पूड चढे. अशी पूड चढलेली गोळी साच्यातून निघाली त्या मापाची राहत नाही. ज्यांनी पेटीवर विसंबून पावसाळा काढला त्यांच्यापेक्षा ज्यांनी पिस्तूल मेणकापडात गुंडाळून महिन्यातून दोनदा शिकलगाराच्या हाती दिले त्यांची शस्त्रे बरी राहिली असली पाहिजेत. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार आणि झिलई देणारा कारागीर. महाराष्ट्रात आडनाव म्हणून तो शब्द अजून चालतो.

गारेच्या जागी टोपी आली, म्हणजे पाऱ्याच्या स्फोटक क्षाराने भरलेली तांब्याची टिकली, तेव्हा रंजकदाणीचे काम संपले आणि कानाच्या सुईचेही बरेचसे संपले. मागून भरायच्या काडतुसांनी ठासणीचा गज निकालात काढला व सफाईची सळई तेवढी उरली. १८५७ नंतरची शस्त्रजप्ती आणि १८७८ चा शस्त्र कायदा यांनी घरोघरची जुनी हत्यारे एक तर सरकारजमा केली किंवा माळ्यावर टाकली, आणि माळ्यावर पडलेल्या हत्यारापासून त्याचा सरंजाम सर्वांत आधी तुटतो.

आजच्या कायद्यात या वस्तूंची स्थिती थोडी गुंतागुंतीची आहे. १९५९ चा शस्त्र अधिनियम जुन्या घडणीच्या वा पुरातन मोलाच्या त्याच शस्त्रांना सूट देतो, जी दुरुस्ती करूनही उडवता येणार नाहीत; पिस्तूल दोनशे वर्षांचे आहे एवढ्यावर भागत नाही. १०० वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येते आणि ती देशाबाहेर नेता येत नाही. सुरतेच्या किल्ल्याचा महापालिकेने अलीकडे जीर्णोद्धार करून तेथे संग्रहालय मांडले आहे, आणि १८९० मध्ये विंचेस्टर संग्रहालय म्हणून सुरू झालेला शहराचा जुना संग्रह आता सरदार पटेलांच्या नावाने ओळखला जातो. अशा संग्रहांत जुन्या पिस्तुलाशी मापाने न जुळणारा, नंतर कधीतरी बांबूचा किंवा शिसवीचा तासून बसवलेला गज आढळला की तो बनावट म्हणून बाजूला काढण्याची ओढ असते. ती चुकीची आहे. नळीच्या तोंडावरची झीज, रुंदावलेला कान आणि परक्या लाकडाचा गज हे तिन्ही मिळून शस्त्र किती काळ आणि कोठे वापरले गेले त्याची साक्ष देतात, म्हणून त्यांची नोंद एकाच क्रमांकाखाली व्हायला हवी.

जतनाच्या कामात कढत पाणी आता वापरत नाहीत. कोरडा मऊ कुंचा, सौम्य द्रावक आणि शेवटी पातळ मेणाचा हात, एवढ्यावर भागवतात, आणि खाचेत गंजून बसलेला गज उपटून काढण्याचा प्रयत्न करीत नाहीत. त्याआधी एक काम मात्र लाकडी सळईनेच करावे लागते. सळई नळीत बुडापर्यंत सोडून तोंडाशी खूण करायची, मग बाहेर काढून नळीच्या शेजारी तशीच धरायची. तिचे टोक कानाच्या जवळ पोहोचले तर नळी रिकामी, आणि बोट-दोन बोटे अलीकडे थांबले तर आत जुना बार आहे. शतकभर कोरडी राहिलेली काळी दारू आजही पेट घेऊ शकते, म्हणून अशा वेळी पिस्तुलाला उष्णता किंवा ठिणगी लागू न देता ते जाणकाराच्या हवाली करतात. काही जुन्या गजांवर धन्याने स्वतःच दोन रेघा कोरून ठेवलेल्या असतात, एक रिकाम्या नळीची आणि दुसरी भरलेल्या नळीची. असा गज हाती आला तर वेगळ्या सळईची गरज पडत नाही.